छोटं नाव कुणाचं? इंदूरच्या एका विद्यापीठाच्या नावाचं प्रकरण

हे प्रकरण इंदूरच्या एका जुन्या मराठी शिक्षणसंस्थेचं आणि तिनेच उभ्या केलेल्या खासगी विद्यापीठाचं आहे. संबंधितांच्या विनंतीवरून नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी त्या काळात संस्थेच्या कार्यालयात पत्रव्यवहार आणि कायद्याचे कागद सांभाळत होते, त्यामुळे बहुतेक बैठकांना हजर होते.

पार्श्वभूमी

संस्था होळकर संस्थान असतानाची. एका वाड्याच्या माडीवर रात्रीच्या वर्गांनी सुरुवात झाली, मग शाळा, मग वसतिगृह, मग महाविद्यालयं. १९६४ साली इंदूर विद्यापीठ निघालं तेव्हा आमची महाविद्यालयं त्याला जोडली गेली. मध्य प्रदेशात खासगी विद्यापीठांचा कायदा २००७ साली आला आणि त्यानंतर काही वर्षांनी संस्थेने स्वतःचं विद्यापीठ काढलं.

संस्था ही १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली. विद्यापीठ २००७ च्या कायद्याखाली जन्मलेलं, स्वतःचा शिक्का आणि स्वतःचा कुलगुरू असलेलं स्वतंत्र मंडळ. अंगण एक, फाटक एक, गणपतीही एकच. बोलताना आम्ही दोघांनाही ‘आपण’च म्हणत होतो. कायद्याच्या लेखी ते दोन वेगळे ‘आपण’ होते, हे फार उशिरा लक्षात आलं आणि या प्रकरणातली निम्मी अडचण तिथेच होती.

आता नावाबद्दल. संस्थेचं पूर्ण नाव लांबलचक आहे. संस्थापकांचं नाव, मग ‘शिक्षण’, मग आणखी दोन शब्द. ते कुणीच घेत नाही. त्याच्या तीन इंग्रजी आद्याक्षरांचा इंदूरच्या तोंडी एक शब्द झाला आहे. इंदूर विद्यापीठाला १९८८ मध्ये देवी अहिल्यांचं नाव मिळालं, पण रिक्षावाल्याला आपण ‘डीएव्हीव्ही’च सांगतो, तसंच हे. राजवाड्यावरून रिक्षात बसून तीन अक्षरं उच्चारली की माणूस आमच्या फाटकाशी उतरतो. या लेखात मी त्याला ‘छोटं नाव’ म्हणते. हे छोटं नाव गुणपत्रिकेवर नव्हतं, लेटरहेडवर नव्हतं, फाटकावरही नव्हतं. ते फक्त लोकांच्या तोंडी होतं.

प्रश्न कसा समोर आला

विद्यापीठाच्या एका समारंभासाठी माजी विद्यार्थ्यांनी छोट्या नावाचे टी-शर्ट छापून घेतले आणि एका ऑनलाइन दुकानावर विक्रीला ठेवले. चौथ्या दिवशी ते पान गायब झालं. मेल आला: या ट्रेडमार्कच्या मालकाने तक्रार केली आहे.

पहिली प्रतिक्रिया अशीच होती की काहीतरी गफलत झाली असेल, मालक तर आपणच. संध्याकाळी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर छोटं नाव टाकून शोधलं तेव्हा दोन नोंदी निघाल्या. वर्ग २५, म्हणजे कपडे: नोंदणी झालेली. वर्ग ४१, म्हणजे शिक्षण आणि प्रशिक्षण: अर्ज मंजूर होऊन ट्रेडमार्क जर्नलमध्ये जाहीर झालेला. दोन्हींचा अर्जदार एकच, भंवरकुआंला स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवणारी एक फर्म.

जर्नलमधली तारीख पाहून वकिलांनी बोटांवर हिशेब केला. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे जाहीर झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कुणीही हरकत घेऊ शकतो. ही मुदत वाढवून मिळत नाही. आमच्या हातात तेवीस दिवस उरले होते.

फर्मचा मालक परका नव्हता. तो आमचाच माजी विद्यार्थी, पुढे काही वर्षं आमच्याकडे तासिकेवर शिकवायलाही येत असे. त्याने वर्गांना स्वतःचं एक इंग्रजी नाव दिलं होतं, ज्याची आद्याक्षरं नेमकी तीच तीन येतात. त्याच्या अर्जात वापराची जी तारीख होती, ती आमच्या विद्यापीठाच्या स्थापनेच्या आधीची होती.

‘आपण’ म्हणजे नेमकं कोण?

पहिली बैठक या एका मुद्द्यावर अडली आणि ती अडली हे बरंच झालं.

कुलसचिवांचं म्हणणं होतं की हरकत विद्यापीठाने घ्यावी आणि नावाची नोंदणीही विद्यापीठाच्याच नावे करावी. प्रवेश विद्यापीठ देतं, पदवी विद्यापीठ देतं, उद्या नावाचा गैरवापर झाला तर जबाब विद्यापीठालाच द्यावा लागेल. म्हणणं चुकीचं नव्हतं.

वकिलांनी एक कागद घेऊन त्यावर आडवी रेघ मारली. डावीकडच्या टोकाला संस्थेची स्थापना, मध्ये कोचिंगने दिलेली तारीख, उजवीकडे विद्यापीठाची स्थापना. आपल्या कायद्यात नोंदणीपेक्षा आधीचा वापर मोठा. कलम ३४ आधीच्या वापरकर्त्याला संरक्षण देतं. व्हर्लपूलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, ज्याच्या हातात नोंदणी होती त्याच्याविरुद्धचा मनाई हुकूमही कायम ठेवला होता. पण आधी कोण, हे ठरवताना विद्यापीठ एकटं पुढे झालं तर ते त्या रेघेवर कोचिंगच्या उजवीकडे पडतं. म्हणजे स्वतःच्याच नावावर विद्यापीठ नंतर आलेलं ठरतं.

कुलसचिव बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

शेवटी ठरलं ते असं: हरकत आणि नवे अर्ज संस्थेच्या नावे. संस्था आणि विद्यापीठ यांच्यात लेखी करार, ज्यात विद्यापीठाला नाव वापरायची परवानगी, दर्जा राखण्याच्या अटी आणि गैरवापर दिसल्यास कुणी काय करायचं याची वाटणी. कायद्याला असा लेखी करार लागतो. तो असला की परवानगीने केलेला वापर मालकाचाच वापर धरला जातो. हा करार विद्यापीठ निघालं त्या दिवशी व्हायला हवा होता. तेव्हा इमारतीचा, जमिनीचा, प्रयोगशाळेतल्या खुर्च्या-टेबलांचासुद्धा कागद झाला होता. नावाचा तेवढा राहिला, कारण ते कुणाचं आहे असा प्रश्नच कुणाला पडला नव्हता.

समोरचे पर्याय

छोटं नाव सोडून देण्याची सूचनाही आली होती, ती इथे प्रामाणिकपणे नोंदवते. एका तरुण विश्वस्तांचं मत होतं की नवीन, देखणं नाव घ्यावं आणि पुढे जावं. अध्यक्षा, ज्यांना सगळे ताई म्हणतात, एवढंच म्हणाल्या, “आपण सोडू रे, पण गाव सोडेल का?” नवं नाव घेऊनही लोक आम्हाला जुन्याच नावाने हाक मारत राहिले असते आणि त्या हाकेचा मालक दुसराच असता.

दुसरा पर्याय दाव्याचा: व्यापारी न्यायालयात जाऊन मनाई हुकूम मागणं. नोंदणी नसल्यामुळे उल्लंघनाचा दावा शक्य नव्हता. आमचा नावलौकिक वापरून लोकांची दिशाभूल होते आहे, एवढ्याच आधारावर उभं राहावं लागलं असतं. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीची पायरी सक्तीची, आणि तातडी आहे असं म्हणायचं तर न्यायाधीश विचारणारच की इतकी वर्षं कुठे होतात? त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, ते पुढे येईलच.

तिसरा मार्ग रजिस्ट्रीचा: वर्ग ४१ च्या अर्जाला हरकत, वर्ग २५ ची नोंद रद्द करण्यासाठी अर्ज, आणि सोबत संस्थेचे स्वतःचे अर्ज. मध्य प्रदेशचं काम मुंबईच्या कार्यालयाकडे आहे. अर्ज ऑनलाइन होतो. हरकतीची फी एका वर्गाला २७०० रुपये, नव्या अर्जाची संस्थेसाठी ९००० रुपये.

चौथा मार्ग म्हणजे त्याला सरळ फोन करणं. तो आपला मुलगा आहे, असं दोघा-तिघांचं म्हणणं. यावर मतं फाटली. मुदत संपेपर्यंत तो ‘हो, बघतो’ म्हणत राहिला तर? शेवटी आधी हरकत आणि मग बोलणी, असं ठरलं.

एक सूचना अशीही होती की त्याने नव्या फलकावर छोट्या नावापुढे ‘युनिव्हर्सिटी’ लावलं आहे, तेच धरावं. ते खरंही होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचं कलम २३ असा शब्द लावायला मनाई करतं. पण त्याची शिक्षा एक हजार रुपयांपर्यंतचा दंड, आणि त्याने आमचं नाव आम्हाला परत मिळत नव्हतं. पत्रात फक्त उल्लेख केला. फलकावरून तो शब्द आठवड्याभरात उतरला.

ट्रंक

आता पुरावा. छोटं नाव आमचं, हे सगळ्या शहराला माहीत होतं, पण दाखवायला एक कागद नव्हता. कार्यालयातल्या साठ-सत्तर वर्षांच्या फायली मी आणि दप्तर सांभाळणारे काका यांनी चाळल्या. ठराव, हजेरीपट, अनुदानाची पत्रं, सगळीकडे लांब नाव. संस्थेने स्वतःचं छोटं नाव कधी अधिकृतपणे लिहिलंच नव्हतं. बहुधा त्यात कमीपणा वाटत असावा.

सहाव्या दिवशी काकांना आठवलं की गणपतीची मखरं ठेवतात त्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक आहे. ती उघडली तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या शाईचा वास आला. आत स्नेहसंमेलनाच्या स्मरणिका होत्या, सुरुवातीच्या सायक्लोस्टाइल केलेल्या, नंतरच्या छापील. मुलांनी काढलेल्या स्मरणिकांवर छोटं नाव मोठ्या अक्षरांत! वसतिगृहाच्या खानावळीची कुपनं, कबड्डीच्या संघाचा एक पितळी बिल्ला, आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची गुणपुस्तिका. मुलांनी ते नाव कधीच सोडलं नव्हतं.

आणि तळाशी, लाल फडक्यात बांधलेली पोस्टकार्डं. त्यातलं एक अजून डोळ्यांपुढे आहे. खंडव्याच्या एका वडिलांनी मुलीच्या प्रवेशाबद्दल विचारलं होतं. वसतिगृहात मराठी स्वयंपाक असतो का, हेही. पत्त्याच्या जागी तीन अक्षरं आणि खाली ‘इंदूर’. बस्स. रस्ता नाही, पिनकोड नाही. पिनकोड १९७२ साली आला आणि टपालाच्या शिक्क्यावरचं साल त्याच्या कितीतरी आधीचं. पोस्टमनने ते बिनचूक आमच्या दारात आणून टाकलं होतं. वकील म्हणाले, तुम्ही स्वतःला काय म्हणता यापेक्षा त्रयस्थ माणूस तुम्हाला काय म्हणतो याला जास्त वजन आहे, आणि इथे तर सरकारी शिक्का आहे.

पण त्याच ट्रंकेत दुसरंही काहीतरी होतं. अलीकडच्या पाच स्मरणिकांमध्ये मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला त्या कोचिंगची पानभर जाहिरात होती. छोट्या नावासकट. आम्ही पैसे घेऊन, पावती देऊन छापलेली. शिवाय काकांनी सांगितलं की त्याने वर्ग काढले तेव्हा तो तेव्हाच्या प्राचार्यांना भेटायला आला होता आणि सर म्हणाले होते, “घाल की नाव, आपलंच आहे.”

हा या प्रकरणातला सर्वांत अवघड टप्पा. माहीत असून वर्षानुवर्षं गप्प राहणं ही कायद्यात मूक संमती ठरू शकते. जाहिरात छापणं तर गप्प राहण्याच्याही पुढचं. आमच्या पुराव्यात स्मरणिका लावायच्या, तर त्या पूर्ण लावायच्या की मुखपृष्ठं आणि जुनी वर्षं तेवढी? रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर त्याने जोडलेले कागद दिसत होते. त्यात या जाहिराती नव्हत्या. त्याच्याकडे प्रती नसाव्यात किंवा त्याच्या ध्यानात आलं नसावं.

बैठकीत दोन तास गेले. सोयीचं तेवढं लावण्यात बेकायदा काही नाही, असंही एकाने मांडलं. मला स्वतःला त्या वेळी जुनी वर्षं पुरेशी वाटत होती, हे कबूल करते. ताईंनी निर्णय दिला: “ज्या पेटीतून आपलं निघालं त्याच पेटीतून त्याचंही निघालं. प्रतिज्ञापत्रावर सही माझी आहे. अर्धी पेटी दाखवून मी सही करणार नाही.”

मग प्रतिज्ञापत्रात जाहिराती स्वतःहून लिहिल्या आणि त्यांचा अर्थही मांडला: संस्थेने आपल्या माजी विद्यार्थ्याला प्रेमाने सवलत दिली होती, नाव देऊन टाकलं नव्हतं. प्राचार्य सरांचा शब्दही लिहिला. ‘आपलंच आहे’ यातला ‘आपलं’ म्हणजे संस्थेचं, असं सरांनी स्वतः प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. सर ऐंशीच्या पुढचे. नोटरीसमोर सही करताना ते फार अस्वस्थ होते. आपल्या एका वाक्याने संस्था अडचणीत आली असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

काय केलं

मुदत संपायला चार दिवस असताना हरकत दाखल झाली. वर्ग २५ ची नोंद हटवण्याचा अर्ज त्यानंतर महिन्याभरात. संस्थेचे स्वतःचे अर्ज वर्ग ४१, १६ (म्हणजे छापील साहित्य) आणि २५ मध्ये, वापराच्या प्रतिज्ञापत्रासह.

त्याचं प्रत्युत्तर दोन महिन्यांच्या मुदतीत आलं, तिखट भाषेत. संस्थेने ही अक्षरं कधीच वापरली नाहीत, लेटरहेड पाहा, असा त्याचा मुख्य मुद्दा. मग आमचा पुरावा गेला, ट्रंकेतल्या सगळ्या वर्षांसकट, आणि नियमाप्रमाणे त्याची एक प्रत त्यालाही.

आठव्या दिवशी त्याचा फोन आला. वकिलांना नाही, ताईंना. तो म्हणाला की त्या बंडलात त्याने स्वतः संपादित केलेली स्मरणिकाही होती, त्याच्या शेवटच्या वर्षाची, मुखपृष्ठावर छोटं नाव त्याच्याच हाताने रेखाटलेलं. आणि जाहिराती आम्ही लपवल्या नाहीत हे पाहून आपण बोलू शकतो असं त्याला वाटलं.

निष्पत्ती

तडजोड संस्थेच्या कार्यालयात तीन बैठकांत झाली. त्याने वर्ग ४१ चा अर्ज मागे घेतला. वर्ग २५ ची नोंदणी संस्थेच्या नावे लिहून दिली, म्हणून ती नोंद हटवण्याचा अर्ज आम्हीही मागे घेतला. त्याला नाव बदलायला दोन प्रवेशहंगाम मिळाले आणि त्यानंतर एक वर्ष नव्या नावाखाली ‘पूर्वीचे’ म्हणून जुनं नाव लहान अक्षरांत लिहायची मुभा. पैशांची देवघेव झाली नाही. हस्तांतराच्या कागदांचा खर्च संस्थेने केला.

संस्थेच्या वर्ग ४१ च्या अर्जाला परीक्षण अहवालात त्याच्याच अर्जाचा अडथळा दाखवला होता, तो माघारीनंतर दूर झाला. अर्ज जाहीर झाला, चार महिने कुणी हरकत घेतली नाही, नोंदणी झाली. ती दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. वर्ग १६ चं काम अजून चालू आहे. टी-शर्ट मात्र त्या समारंभाला मिळाले नाहीत.

आज पुन्हा करायचं झालं तर

दर सोमवारी जर्नल निघतं. आता कार्यालयातली एक जण दर मंगळवारी सकाळी ते पाहते, दहा मिनिटांचं काम. हे आधी असतं तर वर्ग २५ ची नोंद होण्याआधीच कळलं असतं. छोटं नाव लेटरहेडवर, संकेतस्थळावर आणि फाटकावर घालायचा ठराव झाला आहे. स्मरणिकेतल्या जाहिरातींना ‘संस्थेच्या नावाशी साम्य असलेली जाहिरात अध्यक्षांना दाखवूनच’ हा नियम लागला.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. ज्या दिवशी हरकत दाखल झाली त्याच संध्याकाळी त्याला फोन करायला हवा होता. मुदत सुरक्षित झाली होती, गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याऐवजी त्याला आमच्या हरकतीची बातमी रजिस्ट्रीच्या नोटिशीतून कळली, तीही आईच्या आजारपणात. त्याच्या प्रत्युत्तरातला तिखटपणा बराचसा तिथून आला होता, असं त्यानेच नंतर सांगितलं. ताईंना हे पटत नाही. पुरावा समोर नसताना फोन केला असता तर नुसती भावनेची ओढाताण झाली असती, असं त्या म्हणतात. आणि सरांना नोटरीपर्यंत न्यायचं होतं का? काकांचं प्रतिज्ञापत्र चाललं असतं असं आता वाटतं. त्या दिवसानंतर सर दोन महिने संस्थेत फिरकले नाहीत.

पुण्यात आमच्या माजी विद्यार्थ्यांचं एक मंडळ आहे. गेली कित्येक वर्षं ते छोट्या नावाने शिष्यवृत्त्या देतं. नोंदणी हातात आल्यावर त्यांनाही लेखी परवानगी द्यायला हवी. मसुदा तयार आहे, पण त्यांचे कार्यवाह म्हणतात की आम्ही आमचंच नाव वापरायला परवानगी कशी घ्यायची. पुढच्या महिन्यात ते इंदूरला येणार आहेत. त्यांना दाखवायला काकांनी ती ट्रंक कार्यालयात आणून ठेवली आहे.